भोंगा बंद पडला

भोंगेकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. उभी नोकरी त्यांनी बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीमागच्या चिंचोळ्या खोलीत, माइकसमोर काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती रद्द झाली, कुणाचं मूल चुकलं आणि कुणाची छत्री सापडली, सगळं त्यांच्या तोंडून स्थानकभर जायचं. आवाज असा की बाकावर घोरणारा हमाल दचकून उठावा. आणि नुसती घोषणा करून गप्प बसतील तर ते काका कसले? "फलाट चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे," असं म्हणून ते वर पुस्ती जोडायचे, "निळ्या पिशवीवाल्या आजींनी धावू नये, ड्रायव्हरसाहेबांचा चहा अजून अर्धा आहे." आजी चालत यायच्या, ड्रायव्हर घाईने कप ठेवायचा आणि अख्खा फलाट हसायचा. वरिष्ठांनी समज दिली, पण समज घेण्याचा काकांचा स्वभाव नव्हता.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग गुळण्या झाल्या, मग काढे झाले. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढून बसले. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा काय समजायचं ते काकांना समजलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल.

त्यांची लेक समुद्रापलीकडे नोकरीला. ती रजा टाकून आली ती एक लहानसं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊनच. "बाबा, रोज जे जे बोलता ते सगळं आत्ताच बोलून ठेवा," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण होता. उद्या पाणी येणार नाही असं कळलं की घरातली बाई हंडे, बादल्या, तांबे, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवते, तसा काकांनी ऑपरेशनच्या आधी आवाज भरून ठेवला. "कोण आहे?" भरलं. "आलो, आलो, दार तोडू नका" भरलं. दूधवाल्यासाठी, पोस्टमनसाठी, डॉक्टरसाठी, बायकोसाठी भरलं. लेकीला तेव्हा दिवस गेले होते, तर न जन्मलेल्या नातवंडासाठी गोष्टीसुद्धा भरल्या, कोल्ह्याच्या, माकडाच्या, आणि एका बसच्या जिला डोंगर चढताना धाप लागते. लेकीने सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. "नुसता आवाज कोरडा वाटतो," म्हणून तिने प्रत्येक तुकड्याला काकांचा एक फोटो जोडला. माइकसमोर बसून, एक भुवई वर करून ते कॅमेऱ्याकडे बघताहेत, असा. तुकडा वाजला की पडद्यावर तो फोटो मोठा व्हायचा. कीबोर्डच्या बटणांवर तिने चिकटपट्टीवर काढलेली चित्रं लावली. दुधाची बाटली, कप, दार, डोळे मिटलेला माणूस. बटण दाबलं की प्लेयर तो तुकडा वाजवायचा.

ऑपरेशननंतर गळ्याखाली एक भोक राहिलं, त्यावर काका पांढरा मलमलीचा रुमाल बांधायचे. गळ्याला लावून बोलायचं एक विजेचं यंत्रही त्यांना मिळालं होतं. त्यातून निघणारा आवाज त्यांनी एकदाच ऐकला आणि पाटीवर लिहिलं, "डबीत अडकलेली माशी." ते यंत्र परत गेलं. राहिली खडू-पाटी आणि तो प्लेयर. कॉम्प्युटर त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीशी ठेवला होता आणि तिथूनच त्यांचा सगळा कारभार चालायचा. काकू म्हणायच्या, "भांडायला फार सोयीचं पडतं हो. ह्यांच्याकडे नवीन काही यायचं नाही, मला रोज नवं सुचतं."

घर वडिलांनी बांधलेलं, दोन मजली. खाली काका, वर त्यांचा धाकटा भाऊ. धाकट्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. माणूस हाताने जितका सुरेख तितका तोंडाने तुटक. दोघांचा अबोला होता, आणि तो काकांच्या आजारापेक्षाही जुना होता.

झालं होतं असं. धाकट्याच्या मुलाचं लग्न. जेवणं आटोपत आलेली, आणि कुणीतरी हौसेने काकांच्या हातात माइक दिला. काकांच्या हातात माइक देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. त्यांनी स्थानकावरच्या थाटात सुरुवात केली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! नवरदेवाचे वडील, जे एकाच इयत्तेच्या थांब्यावर तीन वर्षं उभे होते, ते आज अखेर वेळेवर पोहोचले आहेत!" मांडव खदखदून हसला. व्याही हसले, विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या, नवी सूनही हसली. धाकटा तेवढा हसला नाही. बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथे त्याने काकांना गाठलं. मागे बँड वाजत होता. धाकटा लालबुंद होऊन काहीतरी ओरडला आणि पाठ फिरवून गेला. त्या गोंगाटात तो काय बोलला ते काकांना धड ऐकूही आलं नाही. एवढं मात्र कळलं की प्रकरण हातातून गेलं.

दुसऱ्या दिवशी वर जाऊन पाठीवर थाप मारली असती तर कदाचित तिथेच मिटलं असतं. पण काकांना वाटलं, एवढीशी थट्टा, त्यात मी का वाकू? मी मोठा. आठवड्यांचे महिने झाले. मग आजार आला. हॉस्पिटलात भावजय रोज यायची, डबा आणायची, पुतण्या यायचा. धाकटा फिरकला नाही. शुद्धीवर आल्यापासून काका दाराकडे बघत होते. तो येत नाही म्हटल्यावर त्यांनी कूस भिंतीकडे वळवली. रक्ताचं पाणी झालं, असं त्यांनी मनात म्हटलं, आणि मनातच म्हणता येत होतं.

आता ज्या दिवसाची गोष्ट आहे त्या दिवशी काका घरात एकटेच होते. लेकीचं दुसरं बाळंतपण झालं होतं, काकू तिच्याकडे गेल्या होत्या. जेवण वरून भावजय पाठवायची. संध्याकाळी फोनवर थोरली नात येणार होती. तिला घरात सगळे मुंगी म्हणत. तान्हं घरात आल्यापासून तिचा पत्ता कट झाला होता, ज्याच्या त्याच्या तोंडी बाळच. म्हणून काकूंनी तिला कबूल केलं होतं की आज आजोबा तुला धाप लागणाऱ्या बसची गोष्ट सांगतील, फक्त तुला, बाळाला नाही.

सकाळी काकांनी कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर निळा रंग आणि 'अपडेट होत आहे, यंत्र बंद करू नका' अशी सूचना. काकांनी चहा केला, प्याले, पेपर वाचला. सगळं संपून नेहमीचा पडदा आला. खिडकीत दूधवाला आला तसं त्यांनी बाटलीचं बटण दाबलं. प्लेयर उघडला, क्षणभर काळा झाला आणि नाहीसा झाला.

"आज किती, काका?" दूधवाला विचारत होता.

काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा उघडला, पुन्हा नाहीसा. जणू कुणी दारातून डोकावतंय आणि ओळख न देता पळतंय. शेवटी बोटाने एक दाखवून दूध घेतलं. दूधवाला जाताना म्हणाला, "आज मौनव्रत वाटतं!" त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

काकांनी सगळी बटणं दाबून पाहिली. कप, दार, झोपलेला माणूस. प्लेयर प्रत्येक वेळी तोंड दाखवायचा आणि मिटायचा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फरक नाही. गोष्ट लावून पाहिली, तीही नाही. एकदा गेलेला आवाज माणूस कसाबसा पचवतो. दुसऱ्यांदा जायला लागला की पायाखालची जमीनच सरकते.

लेकीकडे मध्यरात्र होती, आणि तान्ह्याच्या घरात मध्यरात्री फोन करणं म्हणजे झोपेचा खून. काकांनी ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता तिथे फोन लावला. दुरुस्ती करणारी मुलगी होती, तिने उचलला.

"हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?"

काकांनी फोनवर नखाने टकटक केलं.

"हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये."

आवाज येत नाही हीच तर तक्रार आहे, हे तिला कोण सांगणार? काकांनी आणखी जोरात टकटक केलं. तिने ठेवून दिला. पुन्हा लावला, तेव्हा ती म्हणाली, "आवाज येत नाहीये, जरा मोकळ्या जागेत जाऊन बोला." काका खरंच दोन पावलं खिडकीकडे सरकले, आणि मग स्वतःचीच कीव येऊन त्यांनी फोन बंद केला. मग आपल्याला बोलता येत नाही हे सोडून बाकी सगळं तिला लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'काका, असं लिहून नाही कळणार, फोन करा.'

भावजय सकाळीच कामाला गेली होती. शेजारचं दार कुलूपबंद. उरला एकच माणूस, आणि तो डोक्यावरच्या मजल्यावर होता. काकांनी पाटी काखेत मारली, जिन्यापर्यंत गेले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबले. वर जाऊन काय लिहायचं? 'जरा माझ्यासाठी बोलतोस का?' ज्याला अख्ख्या मांडवात हसं केलं त्यालाच म्हणायचं, मला तोंड दे? त्यांनी पाटीवर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

तेवढ्यात वर कडी वाजली. धाकटा जिना उतरत होता. अंगात बनियन, हातात स्क्रू-ड्रायव्हर. काकांना पाहून तो मधल्या पायरीवरच थबकला. दोघेही एकमेकांकडे न बघता उभे राहिले. मग धाकटा कठड्याकडे बघत म्हणाला, "सकाळचं दूध वाजलं नाही."

काकांना कळेना.

"रोज वाजतं. 'एक लिटर, आणि पाणी घालायचं तर उकळलेलं घाल.' आज वाजलं नाही. म्हटलं... बघावं." आणि मग उगाच स्क्रू-ड्रायव्हर वर धरून, "ह्या कठड्याचा स्क्रू ढिला आहे, त्यासाठीच निघालो होतो तसा."

कठड्याला एकही स्क्रू नव्हता. काकांनी पाटी त्याच्यापुढे धरली. त्यावर पुसट अक्षरात होतं, 'प्लेयर बंद. दुकानात बोलायला माणूस हवा.'

धाकट्याने वाचलं, मान हलवली आणि काकांच्या बाजूने वाट काढत खालच्या घरात शिरला. इतक्या काळानंतर तो त्या घरात येत होता, पण चपला काढायची जागा त्याला बरोबर ठाऊक होती.

दुकानातल्या मुलीने फोन उचलताच धाकट्याने सुरुवात केली, "ते गाणी वाजवायचं असतं ना, ते बंद पडलंय."

"कुठलं गाणं लावल्यावर?"

"गाणं नाही. माझ्या भावाचा आवाज आहे त्यात."

"बरं, मग भावालाच द्या ना फोन."

"अहो बाई, त्याचाच तर बंद पडलाय!"

मग धाकट्याने, त्याच्या मानाने पुष्कळच शब्द खर्च करून, तिला सगळं सांगितलं. ऑपरेशन, भरून ठेवलेले तुकडे, बटणं. मुलीचा आवाजच बदलला. "मगाशी टकटक करत होते ते हेच काका का? अरे देवा, मी फोन आपटला त्यांच्यावर! थांबा, आपण मिळून लावू. फोन टेबलावर ठेवा आणि स्पीकर सुरू करा, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल."

ती सांगत गेली, काका माऊस हलवत गेले, आणि पडद्यावर काय दिसतंय ते धाकटा वाचून दाखवत गेला. प्लेयरच्या सेटिंग पहिल्यासारख्या करून झाल्या. उपयोग नाही. मग ती म्हणाली, प्लेयर काढून टाकू आणि नवीन घालू. काकांनी माऊस सोडला. त्यांनी पाटीवर खरडलं, धाकट्याने विचारलं, "दादा विचारतोय, काढल्यावर आवाज जाईल का?"

'दादा' त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. त्याचं त्यालाही कळलं असावं, कारण त्याने घसा खाकरला.

"नाही हो काका," मुलगी म्हणाली. "पेटी बदलली म्हणून कपडे कुठे जातात? फाइल वेगळ्या, प्लेयर वेगळा. फक्त बटणांची जुळणी पुसली जाईल, ती पुन्हा करावी लागेल."

काढला, नवीन घातला. काकांनी श्वास रोखून एक तुकडा उघडला. काळा पडदा, आणि गेला. इथेच घोडं पेंड खात होतं. "अपडेटने काहीतरी बिघडवलंय एवढं नक्की," ती म्हणाली. "एक करा, एकेक फाइल उघडून बघा. सगळ्याच बंद पडतात की काही ठरावीक?"

काका वरून खाली एकेक उघडत गेले. प्रत्येक वेळी तेच. अगदी तळाशी एक तुकडा होता, त्याला नावही नव्हतं. त्यांनी तो दाबला, आणि खोलीत आवाज आला.

"चालू आहे का गं हे? लाल दिवा तर लागलाय. बोलू? ... काय बोलू? तूच सांग काहीतरी."

यंत्र नीट चालतं का ते बघायला लेकीने सगळ्यात आधी केलेली ती चाचणी होती. घोषणा नव्हती की विनोद नव्हता. कावराबावरा झालेला एक माणूस लेकीला विचारत होता, काय बोलू. काकांना हा तुकडा असल्याचंही आठवत नव्हतं.

"वाजलं!" मुलगी ओरडली. "कसं वाजलं?"

"तेच बघतोय," धाकटा म्हणाला. मोटार उघडल्यावर तो जसा वाकून बघायचा तसा पडद्याजवळ वाकला. एकदा वरच्या तुकड्याकडे, एकदा खालच्याकडे. "दादा, बाकी सगळ्यांना तुझा फोटो आहे. याला नाही."

मुलगी पलीकडे टेबलावर हात आपटल्यासारखी बोलली, "मग आवाज ठणठणीत आहे! प्लेयर फोटो काढायला जातो आणि तिथे मरतो. अपडेटमध्ये चित्र दाखवणारा भाग बदललाय, त्याच्याशी याचं जमत नाहीये." तिने एक सेटिंग शोधायला सांगितलं, त्यापुढची बरोबरची खूण काढायला लावली, आणि प्लेयर पुन्हा उघडायला सांगितला.

काकांनी दुधाचा तुकडा दाबला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मग सावकाश, उजाडावं तसा, भुवई वर केलेला फोटो आला आणि आवाज घुमला, "एक लिटर, आणि पाणी घालायचं तर उकळलेलं घाल!"

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला, मग काय करावं ते न सुचून त्यावर हलकेच टकटक केलं. "कळलं काका," मुलगी हसत म्हणाली. "आता टकटक ओळखीची झाली."

बटणांची जुळणी मात्र नव्याने करायची होती. काकांनी मानेने 'मी करीन' असं सुचवलं, पण धाकट्याने खुर्ची ओढली. "तू बटण दाखव, मी लावतो." दुपार त्यातच गेली. तो एकेक तुकडा वाजवायचा, काका चित्राकडे बोट दाखवायचे. काकूंसाठीचे तुकडे आले, 'माझा चष्मा कपाळावर नाही, मी बघितलं' वगैरे. पोस्टमनचे आले. डॉक्टरसाठी, 'दुखतंय, पण तुम्ही विचारलंत म्हणून जास्त दुखतंय.' बसस्थानकावरच्या मित्रांसाठी दोन-तीन, त्यातला एक वाजताच धाकट्याने घाईने आवाज कमी केला. खिडकीत येणाऱ्या मांजरासाठीसुद्धा एक होता.

यादी संपली. धाकट्याने ती पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत चाळली. मग कीबोर्डकडे बघतच त्याने विचारलं, "मांजराला भरलंस. मला काही नाही भरलंस?"

काकांनी खडू उचलला. मग लिहिलं, 'आपण बोलत नव्हतो.'

धाकट्याने वाचलं. "हो," तो म्हणाला. मग अडखळत, मध्ये मध्ये थांबत तो बोलू लागला. "मी हॉस्पिटलात आलो होतो, दादा. खालपर्यंत. दोनदा. वर यायला पाय उचलेना. मी म्हटलं होतं ना तुला, त्या दिवशी, गाड्यांपाशी. म्हटलं होतं, देव करो आणि तुझी वाचा बसो. आणि बसली. माझ्या तोंडातून गेलं आणि तस्संच झालं. कुठल्या तोंडाने येऊ? तुझा रुमाल दिसला की मला... बायकोलाही सांगितलं नाही मी हे."

इतकी वर्षं काका ज्याला दगड समजत होते तो वरच्या मजल्यावर रोज सकाळी कान देऊन दूध वाजायची वाट बघत होता. आणि ज्या शब्दांचं ओझं त्याने वाहिलं ते तर काकांपर्यंत पोहोचलेच नव्हते.

त्यांनी लिहिलं, 'मला ऐकूच आलं नव्हतं. बँड वाजत होता.'

धाकट्याने ते दोनदा वाचलं. "म्हणजे तू हे... पण मी बोललो होतो ना!"

काकांनी पाटी ओढून घेतली, बाहीने पुसली आणि भराभर लिहिलं, 'लहानपणी तू रोज सकाळी म्हणायचास, देवा, आज मास्तर मरू दे. मास्तर नव्वदी ओलांडून गेले. तुझ्या जिभेवर कसला आलाय शाप!'

धाकट्याच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज निघाला. तो हसतोय की रडतोय ते काकांना कळेना. मग तो चांगला मोकळा हसला, हसता हसता त्याचे डोळे गळायला लागले आणि बनियनची कड त्याने तोंडावर घेतली. काकांचं हसू बिनआवाजाचं असायचं. खांदे हलायचे आणि गळ्यावरचा रुमाल फुलायचा. मग ते थांबले. पाटी पुन्हा पुसून त्यांनी अगदी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'मांडवात मी चुकलो.' धाकट्याने पाटी हातात घेतली, आणि पुसायची सोडून पालथी करून टेबलावर ठेवली.

संध्याकाळी मुंगीचा फोन आला तेव्हा धाकटा तिथेच होता. गोष्ट सुरू झाली, बसला धाप लागली, ती डोंगर चढू लागली. नेमकी तिथे मुंगीने विचारलं, "आजोबा, पण तिला पाणी का नाही दिलं?"

भरून ठेवलेल्या आवाजाला प्रश्न ऐकू येत नाहीत. एरवी अशा वेळी काकू मध्ये बोलून वेळ मारून न्यायच्या. काकांनी गोष्ट थांबवली आणि धाकट्याकडे बघितलं.

"अं... दिलं की," धाकटा म्हणाला. "ड्रायव्हरने दिलं. बादलीभर."

"तुम्ही कोण?"

"मी... मी आजोबांचा धाकटा भाऊ. वर राहतो."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"मला तुझे आजोबा खूण करून सांगतात," धाकट्याने बिनदिक्कत ठोकून दिलं. काका जोरजोरात हात हलवून 'नाही, नाही' म्हणत होते, कारण त्या गोष्टीत पुढे पाणी संपल्यावरच सगळी गंमत होती. पण आता बादली मिळालीच होती. मग धाकट्याला ती बादली डोंगरातच सांडावी लागली, आणि ती कशी सांडली हे सांगताना त्याला असा काही घाम फुटला की काकांनी पंखा लावला. मुंगी खूश झाली. "बाळाला हे सांगू नका," असं दोघांनाही बजावून तिने फोन ठेवला.

त्यानंतर काकांचे दोन आवाज झाले. प्लेयरमधला, आणि धाकट्याचा. बँकेत, डॉक्टरकडे, कुठेही जायचं झालं की धाकटा बरोबर असायचा. काका खुणा करायचे, तो बोलायचा. खुणा त्याला लवकर कळू लागल्या, पण सगळ्याच कळायच्या असं नाही, आणि न कळलेल्या तो मनाने भरून काढायचा. एकदा केस कापायला गेले तेव्हा न्हाव्याने विचारलं, "मिशा कशा करू?" काकांनी दोन बोटं टोकाला लावून 'थोड्याच' असं दाखवलं. "उडवा म्हणतोय," धाकटा म्हणाला. काकांनी खुर्चीतून उठायच्या आत अर्धी मिशी गेली होती, तेव्हा उरलेलीही काढणं भाग पडलं.

घरी येईपर्यंत काका त्याच्या दोन पावलं पुढे चालत होते. आरशापुढे जाऊन बराच वेळ उभे राहिले, ओठांवरून हात फिरवला, आणि दार लावून घेतलं. धाकट्याने बाहेरून कडी वाजवली. आतून प्लेयर मोठ्याने वाजला, "कोण आहे?"

"मी आहे, दादा. चहा आणलाय. उघड."

आतून पुन्हा, आणखी मोठ्याने, "कोण आहे?"

धाकटा कप सांभाळत जिन्याच्या पायरीवर टेकला. "चांगला तरुण दिसतोयस," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. जरा वेळाने कडी निघाली.